राजा चांगला असेल तर लोकशाही कशाला?



आठवीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा तास चालू होता. फळ्यावर मी तीन शब्द लिहिले होते : राजेशाही, हुकूमशाही, लोकशाही. मुलं व्याख्या उतरवून घेत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाजी, आमचे दादाजान म्हणतात, त्यांचे अब्बा सांगायचे की निझाम सरकारच्या काळात चांगलं होतं. धान्य स्वस्त होतं, चोरी नव्हती. राजाच चांगला असेल तर लोकशाही कशाला?"

वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आलं नाही. असा प्रश्न पुस्तकात नसतो, पण आपल्या परभणी जिल्ह्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांत तो जेवणाच्या दस्तरखानावर असतो. मुलगा खोडसाळ नव्हता. घरात ऐकलेलं तो शाळेत तपासून पाहत होता आणि शाळा त्यासाठीच असते. त्या दिवशी तास संपला, उत्तर संपलं नाही. तेच उत्तर आज सविस्तर लिहिते.

चार वर्षांत चार राज्यपद्धती

शासनाचे प्रकार शिकायला परभणीकराने लांब जायची गरज नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ते सगळे अंगावर घेतले आहेत, आणि तेही चार वर्षांच्या आत.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. सातवे निझाम मीर उस्मान अली खान १९११ पासून गादीवर होते. ही राजेशाही. कायदा म्हणजे फर्मान आणि फर्मान म्हणजे राजाची इच्छा. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं, पाच दिवसांत निझामांनी शरणागती पत्करली आणि मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी प्रशासक झाले. हे लष्करी शासन. १९५० च्या सुरुवातीला एम. के. वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री म्हणून नेमले गेले. मुख्यमंत्री होते, पण लोकांनी निवडलेले नव्हते. हे नेमलेलं नागरी शासन. मग पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि मार्च १९५२ मध्ये बुर्गुला रामकृष्ण राव हे निवडून आलेल्या सरकारचे मुख्यमंत्री झाले. ही लोकशाही.

गंमत म्हणजे २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत तेच निझाम 'राजप्रमुख' म्हणून पदावर होते. माणूस तोच, मान तोच, पण आता त्यांचं पद संविधानातून आलेलं होतं. राजा कायद्याच्या वर असण्याचे दिवस संपले आणि कायदा सगळ्यांच्या वर आला. राजेशाही आणि लोकशाहीतला फरक याहून सोपा कसा सांगावा?

पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. ज्या माणसाने कधी गाव सोडलं नाही, तोही हैदराबाद संस्थान, हैदराबाद राज्य, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशा चार नावांखाली जगला.

दादाजानच्या अब्बांचं खरं, पण अर्धं

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. निझामाच्या काळात काहीच चांगलं नव्हतं असं मी त्याला सांगितलं नाही, कारण ते खोटं ठरलं असतं. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं आणि तिथे वैद्यक-विज्ञानासह सगळं उच्च शिक्षण उर्दूतून दिलं गेलं. आपल्या भाषेत मोठं शिक्षण घेता येतं, हे त्या विद्यापीठाने दाखवलं. परभणीवरून रेल्वे धावू लागली ती निझामी अमलातच. शेती संशोधनाची पायाभरणीही इथे तेव्हाच झाली, त्याच परंपरेत १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ आलं.

पण दुसरी बाजूही सांगितली. संस्थानातल्या जमिनीचा मोठा भाग जहागिरींमध्ये आणि 'सर्फ-ए-खास'मध्ये होता. सर्फ-ए-खास म्हणजे राजाची खासगी मिळकत. तिथला शेतसारा राजाच्या स्वतःच्या तिजोरीत जायचा. सभा घ्यायची तर सरकारी परवानगी लागे. 'गश्ती निशान ५३' हे परिपत्रक त्यासाठी कुप्रसिद्ध होतं. राजाने दवाखाना दिला तर तो मिळे. नाही दिला तर 'का नाही दिला' हे विचारण्याची जागा नव्हती.

आणि हे विचारणारे फक्त हिंदू होते असंही नाही. हैदराबादचे शोएबुल्लाह खान 'इमरोज' नावाचं उर्दू वृत्तपत्र चालवत. संस्थानाने भारतात यावं, लोकांचं राज्य यावं असं ते उघड लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना ठार मारलं. उर्दूत लिहिणारा हा मुसलमान लोकशाहीसाठी गेला, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं.

त्या दिवसांची आठवण मराठवाड्यात दोन्ही बाजूंना कडू आहे. रझाकारांनी गावं छळली, आणि सप्टेंबरनंतर अनेक ठिकाणी निरपराध मुस्लिम घरांवर सूड उगवला गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी झाकली तर मुलाला इतिहास मिळत नाही, फक्त बाजू मिळते.

मग मी त्या मुलाला विचारलं, "समजा राजा खूप चांगला आहे. त्याच्यानंतरचा चांगला निघेल याची हमी कोण देणार? आणि वाईट निघाला तर तू काय करशील?" तो म्हणाला, "बगावत." मी म्हटलं, "आणि बगावतीत पहिल्यांदा कोण मरतं?" वर्ग गप्प झाला.

लोकशाहीचं खरं काम इथे आहे. लोकशाहीत नेहमी चांगलेच लोक निवडून येतात असं मुळीच नाही. पण वाईट राज्यकर्त्याला रक्त न सांडता घरी पाठवता येतं. संविधान सभेच्या शेवटच्या दिवसांत, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच इशारा दिला होता : माणूस कितीही थोर असो, राजकारणात त्याची भक्ती करत सुटलं तर शेवट हुकूमशाहीत होतो. 'चांगला राजा' शोधणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं, मग तो राजा कालचा असो की आजचा.

नाव एक, रूपं अनेक

इंग्लंडमध्ये आजही राजा आहे, तरी तिथे लोकशाही आहे, कारण कारभार निवडून आलेली संसद चालवते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष वेगळ्या निवडणुकीने येतो आणि त्याची मुदत ठरलेली असते. आपल्याकडे पंतप्रधानाला लोकसभेचा विश्वास रोज टिकवावा लागतो. तो गेला की सरकार गेलं. याला संसदीय पद्धत म्हणतात. सौदी अरेबियात राजेशाही आहे. नेपाळने २००८ मध्ये राजेशाही संपवून प्रजासत्ताक स्वीकारलं.

पाकिस्तानचं उदाहरण मी मुलांना मुद्दाम देते. तो देश आपल्याच सोबत स्वतंत्र झाला, पण तिथे प्रत्येक प्रौढाच्या मतावर पहिली देशव्यापी निवडणूक व्हायला १९७० उजाडलं. मधल्या काळात लष्कर सत्तेवर बसलं. १९७० चा निकाल सत्ताधाऱ्यांनी मानला नाही आणि वर्षभरात देशाचे दोन तुकडे झाले. राज्याच्या नावात धर्म आहे की नाही, यावर न्याय ठरत नाही. मतपेटीचा निकाल मानला जातो की नाही, यावर बरंच काही ठरतं.

सल्लामसलत आपल्याला नवी नाही

काही घरांत 'लोकशाही ही परक्यांची गोष्ट' असं म्हटलं जातं. कुरआनात एका संपूर्ण अध्यायाचं नावच सूरह शूरा आहे. शूरा म्हणजे सल्लामसलत. आपसांतले व्यवहार सल्ल्याने चालवणं हे तिथे श्रद्धावंतांचं लक्षण सांगितलं आहे. उहुदच्या वेळी मदीना शहरात राहूनच मुकाबला करावा असा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा कल होता. बऱ्याच सोबत्यांचं, विशेषतः तरुणांचं, मत बाहेर जाऊन लढावं असं पडलं, आणि प्रेषितांनी ते मानलं. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी खलीफा झाल्यावर पहिल्याच भाषणात लोकांना सांगितलं की मी नीट चाललो तर मला मदत करा आणि चुकलो तर मला सरळ करा.

याचा अर्थ आजची संसद आणि तेव्हाची शूरा एकच आहेत असा नाही. गुप्त मतदान, पक्ष, मतदारयादी या गोष्टी नंतरच्या काळात घडल्या. पण सत्ता ही अमानत आहे आणि सत्ताधाऱ्याला जाब विचारता येतो, हा विचार आपल्याला परका नाही.

बहुमत म्हणजे सगळं काही?

दुसऱ्या दिवशी एका मुलीने जास्त कठीण प्रश्न विचारला. "बाजी, लोकशाहीत ज्यांची संख्या जास्त त्यांचं चालतं. आपण तर कमी आहोत."

हा प्रश्न विचारताना तिचा आवाज खाली आला होता. तो खाली का येतो, हे तुम्हा-आम्हाला सांगायची गरज नाही.

मी तिला केरळमधल्या तीन भावंडांची गोष्ट सांगितली. ती एका अगदी छोट्या ख्रिस्ती पंथाची मुलं होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण त्यांच्या श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८६ मध्ये निकाल मुलांच्या बाजूने लागला. कोट्यवधींच्या देशात तीन मुलं! त्यांच्यामागे ना मतपेढी, ना आमदार. तरी ती जिंकली, कारण काही हक्क मतदानाला टाकलेच जात नाहीत.

लोकशाही दोन पायांवर उभी असते. एक पाय बहुमताचा : सरकार कोणाचं, हे ते ठरवतं. दुसरा पाय हक्कांचा : बहुमताला कुठे थांबायचं, हे ते ठरवतात. कलम १४ कायद्यापुढे सर्वांना समान मानतं. कलम २५ धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतं. कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा अधिकार देतं. हक्कावर गदा आली तर कलम ३२ नुसार थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. आणि हे हक्क जपले जावेत म्हणून सत्ता एका हाती न ठेवता तिचे तीन भाग केले : कायदा करणारं विधिमंडळ, तो राबवणारं सरकार आणि दोघांनाही तपासणारं न्यायालय.

हे सगळं कागदावर आहे तसं रस्त्यावर नेहमी दिसतं का? नाही. आपलं परभणी शहर ते जाणतं. १० डिसेंबर २०२४ ला रेल्वे स्टेशनजवळ डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. शहर पेटलं, धरपकड झाली आणि अटकेतल्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. कायद्याचं राज्य म्हणजे प्रतिकृती तोडणाऱ्याला शिक्षा आणि दगड मारणाऱ्यालाही शिक्षा, पण कोठडीतल्या माणसाचा जीव मात्र सुरक्षित. कागद आणि रस्ता यांत अंतर आहे, म्हणूनच तो कागद आपल्याला पाठ असायला हवा. हातात कागदच नसेल तर अंतर मोजणार कशाने?

दिव्याखाली अंधार

आता घरची गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

आम्हा शिक्षकांना मतदारयादीचं काम असतं. मी स्वतः बीएलओ म्हणून उन्हात गल्ल्या फिरले आहे. दारोदारी जाऊन 'घरात कोण कोण, वय काय, कोणी वारलं का, कोणी सासरी गेलं का' असं विचारलं आहे. लोकांना समजावलं आहे की आधार आणि मतदारयादीतलं नाव जुळवून घ्या.

मागच्या निवडणुकीत सकाळी अम्मीला घेऊन केंद्रावर गेले. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात, तरी काळा बुरखा इस्त्री करून तयार. दोन तास रांगेत थांबली. आत गेल्यावर कर्मचाऱ्याने यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. नाव नव्हतं. कार्ड हातात होतं, पण यादीत नाव नसेल तर कार्डाचा उपयोग नसतो, हे मीच शंभर जणांना सांगितलेलं.

झालं असं होतं की आम्ही घर बदललं, तेव्हा जुन्या पत्त्यावरून नाव निघालं आणि नव्या पत्त्यावर चढवायचं राहिलं. त्यात आपल्या बायकांच्या नावांचा घोळ : एका कागदावर 'शेख' आधी, दुसऱ्यावर नंतर; कुठे 'बी', कुठे 'बेगम'; उर्दूतलं नाव मराठीत एक होतं आणि इंग्रजीत तिसरंच. दोष कुणाचा? जगाच्या याद्या तपासणाऱ्या माझाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

परत येताना रिक्षात अम्मी काही बोलली नाही. घरी आल्यावर पाणी पिऊन म्हणाली, "जिंदगीभर मी कुणाची बेटी, कुणाची बीवी, कुणाची अम्मी. माझं म्हणून नाव त्या यादीत होतं. तेही गेलं."

त्या रात्री मला भारताच्या पहिल्या निवडणुकीची एक हकीकत आठवली. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीसाठी सतरा कोटींहून अधिक मतदारांची यादी तयार झाली. तेव्हा अनेक बायका परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायला तयार नव्हत्या. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की अशी नोंद चालणार नाही, बाईचं स्वतःचं नाव हवं. नाव न दिल्यामुळे सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून वगळली गेली. निर्णय कठोर होता, पण त्यामागचा अर्थ मोठा होता. या देशात बाईची नोंद तिच्या नावाने होईल, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाने नाही. पुढच्या निवडणुकांत त्या बायका आपापल्या नावाने यादीत आल्या.

श्रीमंत, शिकलेल्या स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मताचा हक्क १९७१ मध्ये मिळाला. आपल्याकडे तो पहिल्याच निवडणुकीपासून होता : जमीनदारालाही एक मत, सालगड्यालाही एक, बेगमेलाही एक आणि मोलकरणीलाही एक. त्याच निवडणुकीत परभणीने लोकसभेवर शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून पाठवले, म्हणजे देशात सत्तेवर आलेल्या पक्षाच्या विरोधातला माणूस. चार वर्षांपूर्वी फर्मानाखाली जगणाऱ्या जिल्ह्याने 'आमची निवड आम्ही करू' हे इतक्या लवकर शिकून घेतलं होतं.

संविधान सभेत बेगम ऐजाज रसूल नावाच्या एक मुस्लिम बाई सदस्य होत्या, हेही मुलींना सांगा. देश घडवणाऱ्या त्या सभागृहात त्या बसल्या आणि बोलल्या. आज आपल्या राज्यात ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्या खुर्चीवर बाईने स्वतः बसायचं की 'सरपंचपती'ने, हेही आपल्या घरातच ठरतं.

या महिन्यात घरात करायची कामं

१. घरातल्या प्रत्येक प्रौढाचं नाव मतदारयादीत पाहा. कार्ड असणं पुरेसं नाही. १९५० या क्रमांकावर किंवा निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर तपासता येतं. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता किंवा नाव दुरुस्तीसाठी नमुना ८. ग्रामपंचायतीची आणि नगरपालिकेची यादीही याच विधानसभेच्या यादीवरून बनते.

२. अम्मी, बहीण, सून यांचं नाव आधार, रेशन कार्ड आणि मतदारयादीत एकसारखं करून घ्या. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव सासरच्या यादीत चढवा.

३. मुलगा-मुलगी १८ वर्षांची होताच अर्ज भरा. त्यासाठी आता वर्षात चार तारखा धरतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.

४. खेड्यात राहत असाल तर ग्रामसभेला जा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा होते. तिथे तुम्ही प्रेक्षक नसता, सभासद असता. पाण्याच्या टाकीवर किती खर्च झाला, हे उभं राहून विचारा. उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांत माहितीचा अधिकार आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पूर्वी सर्फ-ए-खासचा हिशेब मागणारा रयतेत कुणी नव्हता. आजचा पैसा आपला आहे आणि हिशेब मागणंही आपलं काम आहे.

अम्मीसाठी नमुना ६ पुन्हा भरला. नव्या कार्डावर तिचं नाव बरोबर आलं आहे, आणि या वेळी मी यादीही डोळ्यांनी पाहिली. कार्ड तिने कुरआन ठेवतो त्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, अब्बांच्या चष्म्याशेजारी ठेवलं. मग मला म्हणाली, "आता वर्गात पोरांना सांगशील तेव्हा आधी आपल्या घरात पाहून ये."

दस्तरखानावर निझामाचा विषय निघाला तर तो जरूर काढा. दादाजानचं ऐकून घ्या. आणि बोलून झाल्यावर एकदा विचारा : घरातल्या सगळ्यांची नावं यादीत आहेत ना?